गोल्फ गेला, मैदान राहिलं

नाशिकला त्र्यंबक रोडवर एक मोठं मैदान आहे. पाटीवर त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. वर्तमानपत्रात सभेची जाहिरात येते तीही याच नावाने. पण सीबीएस बसस्थानकावरून रिक्षा करून हे नाव सांगा, रिक्षावाला मान वळवून विचारेल, "म्हणजे गोल्फ क्लबला ना?" सकाळी फिरायला जाणारे 'गोल्फ क्लबला जाऊन येतो' म्हणतात, मुलाला क्रिकेटच्या शिबिरात घालणारे आईवडील 'गोल्फ क्लबवर घातलंय' म्हणतात, पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यातली मुलं तिथे धावायला येतात आणि तीही गोल्फ क्लबच म्हणतात. यांतल्या बहुतेकांनी गोल्फची काठी फक्त टीव्हीवर पाहिलेली असते. तरीही नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोल्फचा इतिहास लिहायचा म्हणजे लोक स्कॉटलंडपासून सुरुवात करतात आणि टायगर वूड्सपाशी थांबतात. नाशिककराला तसं करायची गरज नाही. त्याच्या गावात हा खेळ आला, साहेबाबरोबर राहिला, साहेबाबरोबर गेला आणि मागे एक मैदान ठेवून गेला. म्हणून या खेळाकडे बघताना मला चेंडू आणि काठीपेक्षा त्याच्या खालच्या जमिनीचं कुतूहल जास्त वाटतं. गोल्फइतकी जमीन दुसरा कुठलाही खेळ मागत नाही. अठरा भोकांच्या पूर्ण कोर्सला शंभर ते दीडशे एकर लागतात, आणि एवढ्या जागेत एका वेळी खेळणारी माणसं पाऊणशे-शंभर. त्या जमिनीवर पाय कुणी ठेवायचा, या एका प्रश्नाभोवती या खेळाचा सहाशे वर्षांचा इतिहास फिरतो.

आज त्र्यंबक रोडला जे मैदान उरलंय त्यात क्रिकेटचं मैदान आणि भोवतीचा जॉगिंग ट्रॅक एवढंच मावतं. म्हणजे ज्या काळी तिथे गोल्फ चालायचा तेव्हा माळ याच्या किती तरी पलीकडे पसरलेला असणार. नकाशा डोळ्यांसमोर आणला की ते पटतं. जुनं नाशिक गंगेच्या काठाला धरून वसलेलं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. टेकड्यांवरचे वाडे, बोळ, रामकुंड, पलीकडे पंचवटी. इंग्रजांनी १८१८ साली पेशव्यांकडून हा मुलूख घेतला, १८६९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र जिल्हा केला, आणि आपल्या कचेऱ्या-बंगले थाटले ते गावाच्या पश्चिमेला, शरणपूर आणि त्र्यंबकच्या वाटेवर. तिकडे गर्दी नव्हती, वारा होता आणि सपाट माळ होता. पुढे १९०९ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्याहून पोलिसांची प्रशिक्षण शाळाही याच त्र्यंबक रोडला आली. गावापासून पुरेसं लांब आणि कचेरीपासून पुरेसं जवळ, अशी ही जागा. गोऱ्या अधिकाऱ्याने दुपारी चारला दौत झाकावी आणि साडेचारला पहिला फटका मारावा, इतकी सोयीची.

पण नाशिकच का? याचं अर्धं उत्तर रेल्वेत आहे आणि अर्धं पावसात. कसाऱ्याचा थळ घाट चढून जीआयपी रेल्वेची गाडी १८६५ साली वर आली आणि मुंबईचा साहेब रात्री निघून सकाळी सहाशे मीटर उंचीवर थंड हवेत पोचू लागला. पावसाचं गणित तर फारच मजेदार आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पन्नास किलोमीटरही नसलेल्या नाशिक शहरात तो जेमतेम सातशेवर येतो. जुलैत मुंबईच्या मैदानांची तळी होतात तेव्हा नाशिकला भुरभुर असते, माळावर बोटभर हिरवळ असते आणि मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही. गोल्फ खेळणाऱ्याला याहून आणखी काय हवं? उन्हाळ्यात मात्र गवत जळून जायचं. तेव्हा हिंदुस्थानातल्या कोरड्या मुलखात सगळीकडे करत तेच करायचं: भोकाभोवतीच्या 'ग्रीन'वर तेल शिंपडलेली वाळू पसरायची आणि रूळ फिरवायचा. अशा जागेला साहेब लोक सरळ 'ब्राउन' म्हणत.

जुन्या नोंदींत नाशिकच्या क्लबाचं नाव मोठं भारदस्त येतं: रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब. 'रॉयल' ही पदवी फुकट मिळत नसे, ती राजघराण्याकडून यायची. रामकुंडावर पिंडदान करणाऱ्या आणि काळारामाच्या दर्शनाला जाणाऱ्या गावाच्या बाहेर, दोन-तीन मैलांवर, राजाच्या नावाने चेंडू टोलवला जात होता आणि गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. त्या माळावर गावातल्या माणसाला जागा होती ती खांद्यावर दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी घेऊन चालण्यापुरती.

इथे थोडं स्कॉटलंडला जाऊन यावं लागेल. कारण ज्या गावात हा खेळ वाढला तिथे जमिनीची गोष्ट अगदी उलटी होती.

काठीने चेंडू मारत लांबवर नेण्याचे खेळ जगात पुष्कळ. चीनमध्ये 'छुईवान' नावाचा खेळ होता. त्याचे नियम सांगणारा ग्रंथ १२८२ सालचा आहे, आणि त्यात जमिनीत केलेल्या भोकांत काठीने चेंडू घालायचा असतो. हॉलंडमध्ये 'कोल्फ' होता. हेंड्रिक आव्हरकाम्पच्या सतराव्या शतकातल्या चित्रांत गोठलेल्या कालव्यांवर माणसं काठ्या घेऊन चेंडूमागे लागलेली दिसतात. यातून कुणाचा कोण बाप, हा वाद इतिहासकार अजून घालतात. मला त्यात फारसा रस नाही. आपल्याकडेही विटी-दांडू होताच की, आणि विटी कुणी पहिल्यांदा कोलली याची नोंद कुठल्या बखरीत नाही. पण आज खेळला जातो तो गोल्फ, म्हणजे ठरलेल्या क्रमाने भोकं गाठत जाणारा, लांबच लांब माळावरचा, तो स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर घडला हे नक्की. आणि त्याची पहिली लेखी नोंद आहे ती बंदीची. १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने फर्मान काढलं की फुटबॉल आणि गोल्फ बंद करा, लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा. इंग्रजांशी लढायचं तर तिरंदाज हवेत आणि हे लोक चेंडू मारत बसलेत! १४७१ मध्ये तीच बंदी पुन्हा, १४९१ मध्ये पुन्हा. एकच कायदा तीनदा करावा लागतो तेव्हा तो कुणी पाळत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शेवटी चौथ्या जेम्सने १५०२ मध्ये पर्थच्या एका धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. बंदीही राजाची आणि खरेदीही राजाची.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचे उंचवटे आणि बुटकं गवत असलेला जो पट्टा असतो त्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. तिथे पीक येत नाही. म्हणून ती गावाची सामायिक जमीन, आपल्याकडच्या गायरानासारखी. सेंट अँड्र्यूज गावच्या लिंक्सवर लोक मेंढ्या चारत, ससे पकडत, बायका कपडे वाळत घालत, आणि त्याच जागेत गोल्फ खेळत. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टनने एक सनद दिली. त्याला ससे पाळायला परवानगी मिळाली, पण त्याचबरोबर गावकऱ्यांचा लिंक्सवर खेळण्याचा आणि वावरण्याचा हक्क कायम राहील हेही लिहून घेतलं गेलं. वाळूत मेंढ्यांनी आडोशाला बसून पाडलेले खड्डे म्हणजेच आजचे बंकर, असं सांगतात. गोल्फचं मैदान आखायला कुणी वास्तुविशारद नव्हता. मेंढ्या, ससे आणि वारा यांनी ते आखलं.

पुढे गंमत झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी गाव कर्जात बुडालं आणि १७९७ मध्ये नगरपालिकेने ही सामायिक जमीन विकायला काढली. ती गेली डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे. त्यांनी तिथे सशांचा धंदा सुरू केला, आणि सशांनी मैदानभर बिळं केली. गोल्फवाले खवळले. खटले झाले, मारामाऱ्या झाल्या, आणि कोर्टाने तर गावकऱ्यांना ससे मारायची मुभा दिली. १८२१ मध्ये चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला, आणि १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून लिंक्स पुन्हा गावाच्या ताब्यात दिली. आजही जगातला सर्वांत प्रसिद्ध गोल्फ कोर्स, सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, हा सार्वजनिक आहे. ज्याला जग 'आर अँड ए' म्हणून ओळखतं तो बडा क्लब त्याच्या कडेला आहे, पण मैदान त्या क्लबाच्या मालकीचं नाही. आणि रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन, पोरं घेऊन फेअरवेवर फिरतात.

खेळाचे लेखी नियम मात्र दुसऱ्याच गावचे. एडिंबराजवळच्या लीथच्या खेळाडूंनी १७४४ मध्ये एका स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. दहा वर्षांनी, १७५४ मध्ये, सेंट अँड्र्यूजच्या २२ बड्या लोकांनी आपली मंडळी स्थापन केली आणि जवळपास तेच नियम उचलले. अठराच भोकं का, याचं उत्तर फार साधं आहे. सेंट अँड्र्यूजला आधी एक फेरी बावीस भोकांची होती. १७६४ मध्ये चार लहान भोकं एकत्र करून दोन केली. जाता-येता तीच वापरत असल्याने चार कमी झाली आणि अठरा उरली. पुढे साऱ्या जगाने अठरा हा आकडा वेदवाक्य मानला.

माणसं मंडळी स्थापन करतात तेव्हा दारही बसवतात. मैदान सर्वांचं, पण क्लबहाउस सभासदांचं. चेंडू आणि काठ्या बनवणारे, मैदान राखणारे, पिशव्या वाहणारे, पैजेवर खेळणारे हे सगळे कारागीर वर्गातले. १८६० मध्ये प्रेस्टविकला पहिली ओपन स्पर्धा झाली तेव्हा आठच खेळाडू होते. एका दिवसात बारा भोकांच्या तीन फेऱ्या, आणि जिंकला मसलबराचा विली पार्क. हे आठही जण धंदेवाईक, म्हणजे हाताने कष्ट करून खाणारे. मैदानावर त्यांना टाळ्या मिळत, पण क्लबाच्या दिवाणखान्यात त्यांना बोलावणं नसे. ब्रिटनमध्ये ही रीत विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. जात फक्त आपल्याकडे असते या समजुतीला गोल्फचा इतिहास चांगला उतारा आहे.

चेंडूची कहाणी सांगायचा मोह आवरत नाही, कारण तिच्यात आपला विष्णू आहे. १८४० च्या दशकापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याची लहानशी पिशवी. तिच्यात उंच टोपीभर पिसं उकळून, ओली असताना कोंबायची. वाळली की पिसं फुगायची, चामडं आकसायचं, आणि चेंडू दगडासारखा टणक व्हायचा. एक चांगला कारागीर दिवसाला तीन-चारच चेंडू करू शकायचा. म्हणून चेंडू महाग आणि खेळ पैसेवाल्यांचा. पावसात भिजला की चेंडू जड व्हायचा आणि टाके उसवायचे. अशात, कहाणी सांगते, पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन घराण्यात विष्णूची एक मूर्ती आली. खोक्यात मूर्ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक: गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. सिंगापूरला असलेल्या विल्यम माँटगोमरी या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने युरोपात पाठवले होते. पॅटरसनच्या मुलाने तो चीक वाफवून, वळून, त्याचा चेंडू केला.

विष्णूच्या पॅकिंगमधूनच गटापर्चाचा चेंडू निघाला का, यावर अभ्यासक शंका घेतात. पण १८४८ पासून हे चेंडू बाजारात आले आणि गोल्फचं सगळं अर्थकारण बदललं हे खरं. पिसांच्या चेंडूच्या कितीतरी कमी किमतीत चेंडू मिळू लागला. ॲलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा सेंट अँड्र्यूजमधला सर्वांत नावाजलेला कारागीर. त्याचा सहकारी टॉम मॉरिस गटापर्चाच्या चेंडूने खेळला म्हणून दोघांचं बिनसलं. मॉरिस प्रेस्टविकला गेला आणि पुढे ओपन चार वेळा जिंकला. स्वस्त चेंडूमुळे गोल्फ जहाजांत बसून जगभर पोचला. मलायातल्या झाडांची मात्र कत्तल झाली, तीही चेंडूंपेक्षा जास्त समुद्राखालच्या तारांसाठी. त्या तारांवर आवरण गटापर्चाचंच असायचं.

हिंदुस्थानात गोल्फ या स्वस्त चेंडूच्याही आधी आला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गोल्फ क्लब रुजायच्या कितीतरी आधी डमडमच्या माळावर स्कॉटिश अधिकारी चेंडू मारत होते. मग मुंबई: १८४२. मुंबईच्या क्लबाने सेंट अँड्र्यूजला १८४५ मध्ये एक चांदीचं पदक दिलं. आर अँड एच्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचं पदक 'बॉम्बे मेडल' म्हणून ओळखलं जातं ते हेच. मुंबईचा तो क्लब इतिहासजमा झाला, त्याचं पदक मात्र स्कॉटलंडमध्ये टिकलं. कलकत्त्याला पुढे तागाच्या धंद्याने बळ दिलं. तागाच्या गिरण्यांचं गाव डंडी हे सेंट अँड्र्यूजपासून फार लांब नाही. मधे टे नदीची खाडी, एवढंच. डंडीहून आलेला मॅनेजर हुगळीकाठी काठ्यांची पिशवी घेऊनच उतरायचा. १८९२ मध्ये कलकत्त्यात अखिल भारतीय हौशी स्पर्धा सुरू झाली. ब्रिटनची तशी स्पर्धा १८८५ ची, त्यामुळे ही जगातली दुसरी.

सेंट अँड्र्यूजची लिंक्स गावाची होती आणि गावासाठी उघडी होती. तोच खेळ इथे आला तेव्हा मैदानाला कुंपण पडलं. स्कॉटलंडमध्ये खाटीक, सुतार, पाव भाजणारा असा कुणीही काठी घेऊन लिंक्सवर जात असे. इथे गोऱ्या कारकुनालाही क्लबात शिरताना धास्ती वाटे, मग नेटिव्हाची बात सोडा. खेळ तोच, नियम तेच, पण जमिनीचा स्वभाव पालटला. मला वाटतं, साम्राज्याने गोल्फचं जे काही केलं त्यात हे सर्वांत वाईट. आजही आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर उंच भिंत आणि फाटकावरचा पहारेकरी येतो. हा वारसा स्कॉटलंडचा नव्हे, छावणीचा.

मुंबईत या भिंतीला पहिलं मोठं भगदाड पाडलं ते खुद्द एका गव्हर्नरने. लॉर्ड विलिंग्डनने १९१७-१८ च्या सुमारास महालक्ष्मीजवळ विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब काढला, आणि त्यात सुरुवातीपासून हिंदी सभासद घेतले. इतर क्लबांत आपल्या हिंदी पाहुण्यांना नेता येत नाही हे त्याला खटकलं होतं, असं सांगतात. अर्थात हे हिंदी सभासद म्हणजे संस्थानिक, पारशी सर, गिरणीमालक. मग १९२७ मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला, पुण्यात येरवड्याचा क्लब होताच. बडोद्याच्या गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच गोल्फ कोर्स करून घेतला, युरोपियन पाहुण्यांसाठी. मराठी घराण्याच्या अंगणातला हा पहिल्या काही कोर्सांपैकी असावा. बाकी मराठी मध्यमवर्गाने गोल्फकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपण क्रिकेट घेतलं, तेही असं घेतलं की नाशिकमध्ये १९३३ साली जन्मलेल्या बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस षटकं निर्धाव टाकून दाखवली. साहेबाचा खेळ साहेबालाच नकोसा करून टाकायचा हा नाशिकचा मार्ग.

तर पुन्हा नाशिक. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि हा त्यांच्या निरोपाचा समारंभ. औरंगाबादला शिकणाऱ्या अनंत लक्ष्मण कान्हेरे या विशीही न गाठलेल्या तरुणाने त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली होती, त्याचा हा सूड. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी दिलं गेलं. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. त्यांनी जमवलेल्या गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती पुढे एन्थोव्हन यांनी संपादून छापल्या. या साऱ्याचा गुंता सोडवणं हे माझं आजचं काम नाही. मला फक्त नावांचा योगायोग दिसतो. जिल्ह्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या करमणुकीचा जो माळ होता, त्याला स्वतंत्र भारतात त्या जिल्ह्याच्या गोऱ्या कलेक्टरला मारणाऱ्या तरुणाचं नाव मिळालं. आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावं नांदतात. सभेच्या दिवशी कान्हेरे मैदान, एरवी गोल्फ क्लब. शहरं अशीच असतात. त्यांना विसंगतीचा त्रास होत नाही.

साहेब गेल्यावर देशभरातल्या गोल्फच्या जमिनींचं काय झालं? काही ठिकाणी क्लब टिकले आणि त्यांत नवे साहेब आले. काही ठिकाणी लष्कराने खेळ चालू ठेवला. देवळालीला तोफखान्याच्या छावणीत आजही गोल्फ खेळला जातो. म्हणजे जिल्ह्यातून तो पुरता नाहीसा झालेला नाही, फक्त छावणीच्या फाटकाआड गेला. लष्करी गोल्फ मैदानांवर २०१०-११ मध्ये कॅगने बोट ठेवलं होतं: संरक्षण खात्याच्या सुमारे आठ हजार एकर जमिनीवर ९७ गोल्फ मैदानं, आणि त्यांवर बाहेरचे सभासदही खेळतात. तिसऱ्या प्रकारात नाशिक येतं. इथल्या क्लबानेच राम म्हटला. भोकं बुजली, ब्राउनवरची तेलकट वाळू पावसाने धुऊन नेली, माळाच्या कडा रस्त्यांनी आणि इमारतींनी खाल्ल्या, आणि मधला तुकडा क्रिकेटला आणि चालणाऱ्यांना मिळाला. पुढे त्यावर महाराष्ट्राचे रणजी सामनेही झाले.

गोल्फ परत आणावा असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं, बहुतेक वेळा एखाद्या टाउनशिपच्या माहितीपत्रकात. मला ते नको वाटतं, आणि त्याचं कारण पाणी. अठरा भोकांच्या हिरव्यागार कोर्सला उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागतं. ज्या जिल्ह्यात गंगापूर आणि दारणाचं पाणी जायकवाडीला किती सोडायचं यावर दर दुष्काळी वर्षी कोर्टात जावं लागतं, तिथे चेंडू नीट घरंगळावा म्हणून गवत भिजवायचं? त्यापेक्षा साहेबाची तेलकट वाळू बरी होती. तो निदान माळाला माळ म्हणून वापरत होता.

या इतिहासात सर्वांत कमी नोंदले गेले ते कॅडी. चेंडू कुठे पडेल ते बघायला पुढे पळणाऱ्याला हिंदुस्थानी मैदानांवर 'आगेवाला' म्हणत. ही पोरं आसपासच्या वस्त्यांतली. साहेबाचा फटका बघून बघून ती शिकत, मोडक्या काठीने, फाटकाबाहेर. भारतीय गोल्फमधल्या कितीतरी मोठ्या नावांची सुरुवात अशीच आहे. १९६४ मध्ये इंडियन ओपन सुरू झाली, पुढच्याच वर्षी पी. जी. सेठी या हौशी भारतीयाने ती जिंकली. पण त्यानंतर भारतीय नाव चषकावर यायला १९९१ उजाडलं, आणि ते नाव होतं अली शेर, दिल्लीच्या क्लबातला एके काळचा कॅडी. दक्षिण आफ्रिकेत दर्बानच्या सेवसंकर 'पापवा' सेवगोलम या भारतीय वंशाच्या कॅडीने १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकली. वर्णभेदाच्या नियमांमुळे त्याला क्लबहाउसमध्ये शिरता येत नव्हतं. बाहेर पावसात उभं राहून त्याने चषक घेतला. त्याचा तो फोटो जगभर छापला गेला. त्या मानाने आज बरंच बदललंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला, अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली, तेव्हा पहाटे उठून गोल्फ बघणारे मराठी लोक मी पाहिलेत. त्यांना 'बर्डी' आणि 'बोगी' कळत नव्हतं, पण ती कितवी आहे हे कळत होतं. खुद्द आर अँड एने स्त्रियांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं, हेही जाता जाता सांगायला हवं.

नाशिकच्या आगेवाल्यांची नावं क्लबाच्या नोंदवहीत असतील तर ती वही कुठल्या तरी पेटीत असेल. शरणपूर, गंगापूर रोड, सातपूरकडच्या जुन्या कुटुंबांत विचारत गेलं तर एखाद्या पणजोबांची आठवण निघू शकेल. पुराणवस्तूंपेक्षा अशी माणसं आधी शोधायला हवीत. इतिहास संशोधनात रस असलेल्या कॉलेजच्या मुलांना हे काम सुट्टीत करण्याजोगं आहे.

दरम्यान मैदानावरचा वाद जुनाच चालू आहे. क्रिकेटवाल्यांना खेळपट्टी आणि आउटफील्ड जपायचं असतं, फिरणाऱ्यांना ट्रॅक मोकळा हवा असतो, पक्षांना सभेसाठी जागा हवी असते, प्रदर्शनवाल्यांना मंडप टाकायचे असतात. मंडपाचे खांब रोवले की क्रिकेटवाले ओरडतात, सामन्यासाठी ट्रॅक अडवला की फिरणारे ओरडतात, आणि सभेच्या दुसऱ्या दिवशी कागदी पेले गोळा करताना सगळेच ओरडतात. सेंट अँड्र्यूजला सशांवरून अशीच हमरीतुमरी वीसेक वर्षं चालली होती. रॉयल क्लबाच्या काळात त्र्यंबक रोडच्या माळावर असा कुठलाच वाद नव्हता.